शुक्रवारी सुट्टी घेणारं चक्र

या मंडळी, पुढे सरका. आजी, तुम्ही खांबाला टेका. मागच्यांनो, शेंगदाणे संपवा आणि मग या, फोलपटांच्या आवाजात गोष्ट ऐकू येत नाही. आज एक चमत्कार सांगतो. त्यात महाराज आहेत, आकाशवाणी आहे, आणि सगळ्यांच्या शेवटी एका बाईच्या हातात दुपदरी सूत आहे.

त्र्याहत्तर सालची भिवंडी. सुताचे भाव गेल्या काही वर्षांत असे चढलेले की नारपोलीच्या आमच्या गल्लीतले निम्मे कारखाने कुलूप लावून बसलेले. कौलं फुटलेली, भिंतीतून पिंपळ फुटलेले, लूम भंगारात गेलेले आणि जिथे लूम रोवलेले होते तिथे नुसते खड्डे, त्यात मांजरी व्यालेल्या. अशाच एका पडक्या कारखान्यापुढे माघ महिन्यात माणसांची ही रीघ लागली! हातात नारळ, तेलाच्या बाटल्या, कडेवर पोरं.

कारण आत छपराखाली, भिंतीतून आलेल्या एका जाड लोखंडी दांड्यावर, परातीएवढं चाक फिरत होतं. आपोआप!

"वायर हाय?" भगव्या कफनीतले चक्रधर महाराज गर्जायचे.

"न्हाय!" गर्दी ओरडायची.

"मोटर हाय?"

"न्हाय!"

"मीटर?"

"लायटीवाले काढून घेऊन गेले!"

"मग फिरवतो कोण?"

यावर सगळे हात जोडायचे. लोकांनी त्या चाकाला सुदर्शन म्हणायला सुरुवात केली ती काही उगाच नव्हे.

आमची ठकुबाई पहिल्यांदा तिथे गेली ती मात्र चाक बघायला नव्हे, नवरा शोधायला. ठकुबाई कांड्या भरणारी. दिवसभर धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायच्या, आणि टेमघरच्या देवळात कीर्तन असलं की सगळ्यांत पुढे बसायचं. टाळ तिच्याइतका कुणी वाजवत नसे. तिचा नवरा राघो लूमवर होता. छातीत कापसाची बारीक धूळ जाऊन जाऊन आधीच खोकला, त्यात क्षय निघाला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रोज एक सुई, असा लांबलचक कोर्स लावून दिलेला. "एक दिवस चुकवायचा नाही, बाई," असं त्यांनी ठकुबाईला दोनदा बजावलेलं. आणि आज आठ दिवस राघो दवाखान्यात फिरकलाच नव्हता.

तो चाकाखाली बसला होता, तोंड वर करून, आ वासून.

"अवो, हे काय चाललंय?"

"चूप, ठके! चक्राचा वारा घेतंय. म्हाराज बोललं, सुईनं रगत नासतंय. एकवीस दिस वारा घेतला की खोकला गेला."

चाकाचा वारा म्हणजे काय, तर दांड्यावर साचलेली सहा वर्षांची धूळ आणि कापसाची जळमटं. ती राघोच्या वासलेल्या तोंडात पडत होती, आणि तो प्रसाद समजून गिळत होता. मग खोकून खोकून निळा पडत होता.

"बघ, रोग बाहेर पडतोय!" महाराज म्हणाले.

ठकुबाई त्याला ओढून न्यायला पुढे झाली. पण बाई भाविक. देवाच्या दारात भांडायचं कसं? ती कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली आणि बघत राहिली. कांड्या भरणाऱ्या बाईची नजर असते हो, धागा कुठे तुटला ते तिला आधी दिसतं.

इतक्यात चाक घरघरलं आणि थांबलं. गर्दीत हाहाकार.

"कोणीतरी सुकट खाऊन आलंय!" महाराज कडाडले.

आता आमच्या भागातली माणसं. सुकट न खाता आलेला कोण असणार? सगळ्यांच्या माना खाली. गोदू म्हातारी तर पदरानं तोंड पुसायला लागली. तासाभरानं चाक पुन्हा फिरू लागलं तेव्हा कुठे लोकांचा जीव भांड्यात पडला. त्या तासात सगळ्या नारपोलीतली वीजही गेली होती, हे कुणाच्या ध्यानातच नाही.

"आनि शुक्रवारी चक्र कावून बंद असतंय, म्हाराज?" गर्दीत कानावर आलेलं ठकुबाईनं विचारलं.

"शुक्रवारी ते मौन पाळतं."

"आनि दुपारी एक ते दोन?"

"नैवेद्य!"

शुक्रवारी भिवंडीतले सगळे लूम बंद. एक ते दोन जेवणाची सुट्टी. ठकुबाईच्या मनात पहिला धागा हलला. तेवढ्यात कुणीतरी तेलाची बाटली पुढे केली आणि महाराजांनी अभिषेक सुरू केला. देवाला तेल घालायचं तर डोक्यावर घालावं. महाराज शिडीवर चढले, चाकाकडे ढुंकूनही न बघता दांडा जिथे टेकला होता त्या बेअरिंगच्या भोकात त्यांनी बारीक धार सोडली. एक थेंब बाहेर नाही. मग कफनीच्या टोकानं भोकाची कड पुसली.

'हा हात गोसाव्याचा न्हाय,' ठकुबाई मनात म्हणाली. 'हा हात कामावरचा हाय.'

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेल्या गेल्या तिनं मान वर केली. ती काम करत होती केसरीनाथ शेठच्या कारखान्यात. डोक्यावर लांब शाफ्ट फिरत होता. एका मोटरवर तो फिरायचा, आणि त्याच्यावरून पट्टे खाली येऊन एकेक लूम चालवायचे. इतकी वर्षं ती त्याच्याखाली बसत होती, पण त्याचं टोक कुठे जातं हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. कोण बघतो? ज्यानं त्यानं आपला लूम बघायचा. शाफ्ट सरळ मागच्या भिंतीत घुसला होता.

"चाचा, ह्यो दांडा भिंतीत कुठं जातंय?"

फिटर चाचा बनारसकडचे, पंचवीस वर्षं भिवंडीत. पान जिभेखाली सारत म्हणाले, "जाएगा किधर? उधर बी कारखाना था ना! दोन भाऊ, केसरीनाथ और चांगदेव. वाटणी झाली, तो बीच में दीवार घातली. शाफ्ट कौन काटेगा? ये बोले मेरा, वो बोले आधा मेरा. कोर्टानं सांगितलं, हात नको लावू. तो दीवार में होल रखा और शाफ्ट वैसाच. चांगदेवचा कारखाना बंद पडला, लूम भंगारात गेले, फिर बी अपनी मोटर सहा साल से उसका आधा शाफ्ट फुकट घुमा रही है."

ठकुबाई हसायला लागली ती थांबेचना. केसरीनाथचं दार मोठ्या रस्त्यावर, चांगदेवचं मागच्या गल्लीत. वळसा घालून जायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं चालायचा कंटाळा, म्हणून अख्खी नारपोली हात जोडून उभी!

"चाचा, माझं एक काम करा. माझ्या मालकाच्या जिवाचा प्रश्न हाय."

त्याच दिवशी भिंतीच्या पायथ्याशी उंदरांनी केलेल्या भोकातून चाचांनी तारेनं दुपदरी सूत पलीकडे सारलं. पुढच्या दिवशी शेठ अंबाडीला लग्नाला गेलेले. चाचा अलीकडे सुताचं टोक बोटाला बांधून बसले, दुसरा हात मोटरच्या खटक्यावर: सूत ओढलं की बंद, पुन्हा ओढलं की चालू. ठकुबाई पलीकडे गेली, भिंतीला टेकून बसली आणि सूत पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं.

"म्हाराज, मी चक्र थांबवू का?"

"तू? मूर्ख बाई! सुकट खाऊन आलीस?"

"बोंबील," ठकुबाई म्हणाली. तिनं टाळी वाजवली, "रामकृष्णहरी" म्हटलं आणि अंगठा ओढला.

चाक घरघरलं, थांबलं.

पुन्हा टाळी. पुन्हा फिरलं.

आता महाराज उघडे पडणार, असं वाटलं ना तुम्हाला? ठकुबाईलाही वाटलं होतं. झालं भलतंच. "आईऽऽ!" म्हणत गोदू म्हातारीनं तिच्या पायांवर लोळण घेतली. महाराजांच्या गळ्यातला हार काढून कुणीतरी तिच्या गळ्यात घातला. "ही माझीच शिष्या!" महाराज ओरडले. आणि राघो, तिचा लग्नाचा नवरा, हात जोडून समोर वाकला!

"आई, आज्ञा कर."

एका क्षणात ठकुबाईच्या डोळ्यांसमोर सगळं आलं. नुसतं 'जा, सुई घे' म्हटलं असतं, तर तो पळत गेला असता. काम झालं असतं. पण उद्या दुसरा कोणी याहून मोठी टाळी वाजवील, तेव्हा हा माणूस पुन्हा सुई सोडील. देवाच्या नावानं खोटं बोलून नवरा वाचवायचा, आणि त्याच तोंडानं देवापुढे टाळ धरायचा? तिनं हार काढून ठेवला.

"आज्ञा-बिज्ञा काय न्हाय. हिकडं बसा. ह्यो दोरा तुम्ही वढा."

राघोनं ओढला. चाक थांबलं. पुन्हा ओढला. फिरलं.

"ठके... म्या बी देव?"

"आधी मला वढू दे!" गोदू म्हातारी धावली. मग नवशा रिक्षावाला, मग दोन फेरीवाले. प्रत्येकाला देव व्हायचं होतं. चाक थांबे, फिरे, थांबे. आणि एकदम भिंतीच्या पायथ्यातून आवाज आला:

"अरे कमबख्तों, उंगली उखाड़ोगे क्या मेरी?"

"आकाशवाणी!" गर्दी जमिनीला टेकली.

"हिंदीत?" राघो म्हणाला. त्या दिवसातला त्याचा पहिला शहाणा शब्द.

ठकुबाईनं सगळ्यांना उठवलं आणि आपल्या मागे घेतलं. दहा मिनिटं चालवत वळसा घालून केसरीनाथच्या दारातून आत नेलं. मोटर दाखवली, शाफ्ट दाखवला, भिंतीतलं भोक दाखवलं, आणि बोट तोंडात धरून बसलेले चाचा दाखवले. लोक माना वर करून शाफ्ट बघत राहिले. चाचांनी मात्र गर्दीतून सटकू बघणाऱ्या महाराजांकडे निरखून पाहिलं.

"अरे! ये तो अपना चिंधू ऑइलवाला! वाटणीच्या आधी शाफ्टला तेल हाच घालायचा."

चिंधू खाली बघत म्हणाला, "सहा वर्षं काम न्हाय, चाचा. एक दिवस पडक्यात झोपायला गेलो, तर चाक फिरताना दिसलं. तेल घातल्याबिगर राहवलं न्हाय. बघणाऱ्यानं हात जोडले... मग म्या बी दाढी वाढवली."

लोक त्याला मारायला उठले. ठकुबाई मध्ये पडली. "पोट जाळायला ढोंग केलं, ते मला कळतंय. माझ्या मालकाची सुई सोडवलीस, ते न्हाय. चल, तूच ह्यांना दवाखान्यात ने, आनि डॉक्टरांना स्वतःच्या तोंडानं सांग."

आणि चिंधू गेला. डॉक्टर त्या दोघांना काय बोलले ते मी इथे सांगत नाही, समोर लेकुरवाळ्या बसल्यात. पण राघोच्या सुया पुन्हा सुरू झाल्या, पुऱ्या झाल्या, आणि पुढच्या माघात टेमघरच्या कीर्तनात ठकुबाईच्या शेजारी बसून तो न खोकता अभंग म्हणत होता. चिंधूला केसरीनाथ शेठनं तेल घालायला परत ठेवलं. शाफ्ट इतका मऊ कधीच फिरला नव्हता म्हणे.

मंडळी, मी माळ घातलेला माणूस. देव आहे असंच मी म्हणतो. पण ज्याला शेजारच्या मोटरची वीज लागते, ज्याला शुक्रवारची सुट्टी लागते, आणि जो आजाऱ्याला औषध सोडायला लावतो, तो माझा देव नव्हे. देवानं डोळे दिलेत ते मिटायला नव्हे, आणि पाय दिलेत ते एकाच दारात उभं राहायला नव्हे. उद्या कुठे काही आपोआप फिरताना दिसलं, तर हात जोडायच्या आधी वळसा घालून भिंतीच्या पलीकडे जाऊन या. दहाच मिनिटं लागतात.

आणि जाताना आमच्या ठकुबाईची आठवण ठेवा. गळ्यात पडलेला हार तिनं स्वतःच्या हातानं काढून ठेवला होता.