फोटो खाली, भाव वर

बंद फाटकासमोर कांद्याने भरलेला पिकअप.

फेटे बांधलेले अकरा संचालक.

मोबाईलवर फिरत राहिलेलं गोल चाक.

पंचवटीत भाजीबाजाराच्या वर, एका ऑफिसात, गार झालेला चहा.

चहा तेजलचा. येवल्याकडच्या एका खासगी कांदा मार्केटची वेबसाइट ती सांभाळायची. चाक तिच्या कांदा पिकवणाऱ्या लता मावशीच्या मोबाईलवरचं. गेल्या महिन्यात लिलाव बंद असल्याची सूचना वेबसाइटवर होती, पण मावशीच्या शिवारात रेंज जेमतेम. पान उघडलंच नाही. ती भाड्याचा पिकअप भरून गेली आणि फाटक बघून परत आली. "तुझी ती वेबसाइट नुसती नटत बसती बाई," मावशी म्हणाली, "दार काय उघडत नाय."

पुन्हा असं व्हायला नको होतं.

पान जड झालं होतं संचालकांमुळे. प्रत्येकाचा फ्लेक्सवर छापायचा फोटो, जसाच्या तसा. सगळे येईपर्यंत पुढचं काही दिसायचं नाही. आणि एकाला काढलं की तो रुसणार.

बुधवारी तेजलने कुणालाच काढलं नाही. फोटो हलके केले, खाली नेले. पान तिथवर सरकवलं तरच ते येणार. वर नुसती अक्षरं: आजचा भाव, आज-उद्या लिलाव चालू की बंद. अध्यक्ष झुंबरअण्णांना विचारलं मात्र नाही.

गुरुवारी सकाळी अण्णांचा फोन.

"तेजलताई, आमचा फोटो कुठंय?"

"आहे ना अण्णा. पान वर सरकवा."

"अध्यक्षाला खाली शोधायचं? उद्या चपलांपाशी बसवाल! दुपारच्या आत होतं तसं करा, नायतर आम्ही दुसरं माणूस बघतो."

"अण्णा, आत्ता कुठे आहात?"

"मार्केटात. व्यापाऱ्याच्या पोरीचं लग्न, लिलाव बंद. चाललोय फाटकावर, शिव्या खायला."

"किती गाड्या आल्यात?"

अण्णा फाटकापाशी पोचले. फोनमधून एक कुत्रं भुंकलेलं ऐकू आलं, बाकी काही नाही.

"एक बी नाय," अण्णा म्हणाले. "शेतकऱ्यांना कुणी सांगितलं?"

"तिथल्या जेमतेम रेंजवरच पान उघडून बघा."

क्षणातच त्यांनी मोठ्याने वाचलं, "आज लिलाव बंद." मग आवाज उतरला. "लगेच आलं की हो. राहू द्या मग. पण फोटोत मला पहिला ठेवा."

"पहिलेच आहात, अण्णा."

तेजलने चहा पुन्हा गरम करायला ठेवला.

लता मावशीने आदल्या संध्याकाळीच पान बघून पिकअपवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं होतं.