मुसळाची मूठ

मुसळ जुन्या लुगड्यात गुंडाळून आणलं होतं. पुतळाबाईंनी ते चिंतामणींच्या कामाच्या टेबलावर ठेवलं, लुगडं हलक्या हाताने उलगडलं आणि दोन पावलं मागे सरून त्या उभ्या राहिल्या. घरचं माणूस डॉक्टरपुढे निजवून उभं राहावं तशा.

"याची मूठ व्हईल का, भाऊ?"

शेजारी त्यांची सून जिज्ञासा कानकोंडी होऊन उभी होती. धनुष्य तिला हवं होतं, पण मुसळाची कल्पना सासूची. रिक्षात ते मावेना म्हणून बेलवलीपासून कात्रपपर्यंत निम्मं बाहेर काढून आणलं होतं आणि वाटेत ओळखीच्या तिघांनी विचारून घेतलं होतं की भांडण नेमकं कुणाशी आहे.

चिंतामणी धनुष्यं घडवायचे. त्यांची एक रीत होती. गिऱ्हाईक आलं की त्याला डोळे मिटायला लावायचे आणि हातात एकेक लाकूड द्यायचं. सागवान, शिसम, चिंचेचा गाभा. साठ आकडे होईपर्यंत नुसतं धरून ठेवायचं. धनुष्याची मूठ डोळ्यांनी निवडायची नसते, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. लोक शिसमाच्या रंगावर भाळतात आणि मग वर्षभर त्या वजनाने खांदा दुखवून घेतात. जिज्ञासा शाळेत खेळाची शिक्षिका. बाळंतपणानंतर दोन वर्षांनी तिने पुन्हा नेम धरायला घेतला होता आणि आता तिला स्वतःचं, अठ्ठावीस पौंड ताणाचं, हलकं धनुष्य हवं होतं. मागच्या महिन्यात तिने सगळी लाकडं डोळे मिटून धरली आणि सगळी खाली ठेवली. चांगली आहेत, पण दुसऱ्याच कुणाचा तरी हात धरल्यासारखं वाटतं, म्हणाली. घरी जेवताना तिने हे हसत हसत सांगितलं तेव्हा नवरा हसला, सासू हसली नाही.

मुसळ खैराचं होतं. पुतळाबाईंच्या आजेसासूचं. भात गिरणीत जायला लागल्यापासून ते कोपऱ्यात उभं होतं आणि लग्नाकार्याला हळद कांडण्यापुरतं बाहेर यायचं. जिज्ञासाच्या लग्नातली हळद टोकाच्या लोखंडी कडीखाली अजून पिवळी दिसत होती. आणि मधोमध, जिथे बायकांनी साठ-सत्तर वर्षं धरलं, तिथे ते झिजून बारीक झालं होतं.

चिंतामणींनी डोळे मिटले आणि तिथेच धरलं. तळवा जिथे बसायला हवा तिथे आपसूक बसला. त्यांना साठ मोजायचं भानही राहिलं नाही.

"कापावं लागेल," ते शेवटी म्हणाले. "आणि आत चीर निघाली तर मुसळही गेलं आणि मूठही. घरी विचार करा."

"घरान उभं राहून कंटाललंय त्ये," पुतळाबाई म्हणाल्या. "पोरीचे हातान ऱ्हाईल."

मग पात्यांची गोष्ट निघाली. मुठीच्या वर एक पातं, खाली एक, आणि बाण सुटतो तो त्यांच्या जोरावर. चिंतामणी म्हणाले, फायबर ग्लासच्या पट्ट्या घालू. जिज्ञासाने मान हलवली. "काका, तुम्हीच बोलला होतात ना, ग्लास म्हणजे मशीनचं काम, बांबूला जीव असतो. मला बांबूच पाहिजे." त्यावर चिंतामणींनी ग्लासचे गुण सांगितले. पावसाची भीती नाही, वर्षानुवर्षं ताण बदलत नाही, दोन्ही पाती अगदी सारखी. सगळं खरं होतं. पण ते खरं कारण नव्हतं.

खरं कारण त्यांच्या बोटांत होतं. रक्तातल्या साखरेने वर्षभरात बोटांच्या टोकांची जाणीव नेली होती. आधी पातळ हातमोजे घातल्यासारखं वाटायचं, मग जाड हातमोजे. एकदा त्यांनी दुधाचं उकळतं पातेलं पकडीशिवाय उचलून टेबलावर आणलं आणि साखर घातली का म्हणून विचारलं, तेव्हा त्यांच्या बायकोला, वृंदाताईंना, ते कळलं. बाकी कुणालाच नाही. ग्लासच्या पट्ट्या कारखान्यातून सारख्या जाडीच्या येतात, त्यांची जाडी मोजायला कॅलिपर पुरतो. बांबूचं तसं नाही. त्याला पेरं असतात, पाठीला चढ-उतार असतो, आणि पेरापाशी कॅलिपर चक्क खोटं बोलतो. पातं अंगठा आणि तर्जनीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवायचं. जिथे बोट अडेल तिथे खरवडायचं. कुठे जास्त गेलं तर ते परत लावता येत नाही.

हे सगळं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते त्यांना जमलं नाही. टेबलावर मुसळ होतं आणि दोन बायका त्यांच्याकडे विश्वासाने बघत होत्या. "बरं, बांबू," ते म्हणाले.

चौतीस वर्षं चिंतामणी अंबरनाथच्या एका ओतकारखान्यात पॅटर्न मेकर होते. पंपाचा भाग आधी लाकडात घडवायचा, तो वाळूत दाबून काढून घ्यायचा, आणि मागे उरलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं. लोखंड देशभर जायचं, लाकूड मांडणीवर राहायचं. कारखाना बंद झाला त्या दिवशी कॅन्टीनवाल्याने शेवटचा चहा त्यांच्याच लाकडी नमुन्यांच्या जाळावर केला. चिंतामणी तो प्यायले. चहा चांगला झाला होता. तिथून त्यांनी एकच सवय घरी आणली. घरामागच्या शेडमध्ये भिंतीवर एक काळी फळी, तिच्यावर प्रत्येक हत्याराची पांढऱ्या रंगाने काढलेली बाह्यरेषा. एखादी रेषा रिकामी दिसली की समजायचं, हत्यार जागेवर नाही. निवृत्तीनंतर त्यांनी एक्केचाळीस धनुष्यं केली. धनुष्यात लाकूडच बाहेर जातं, लोकांच्या हातात राहतं, याचं त्यांना इतकं सुख होतं की ते कुणाला सांगायलाही त्यांना लाज वाटे.

मुसळ कापलं. आत चीर नव्हती. गाभा पिकलेल्या जांभळासारखा गडद निघाला आणि शेडभर एक वास सुटला. थोडा मातीचा, थोडा कातासारखा, आणि तळाशी कुठेतरी हळद. त्या वासात चिंतामणींचा दुपारी बाजेवर डोळा लागायचा. अर्धवट झोपेत त्यांना अंबरनाथची वाळू दिसे, लांबवर पसरलेली, आणि तिच्यात त्यांच्या नमुन्यांनी सोडलेल्या पोकळ्या. कुणी काही ओतत नसे. बायका यायच्या, एकेका पोकळीत हात घालून बघायच्या, आणि दूर कुठेतरी दोन मुसळं आळीपाळीने पडत राहायची. जाग आली की ती लय काही वेळ कानांत असायची. ते उठून मूठ घासायला बसायचे. मधला झिजलेला भाग मात्र त्यांनी घासला नाही. तिथे कानस लावायची त्यांना गरजच दिसली नाही.

मूठ सुरेख झाली. पाती होईनात.

पहिली जोडी त्यांनी जुन्या मुठीला लावून भिंतीच्या खुंटीला अडकवली आणि दोरीने ताणली. खालचं पातं एका जागी जास्त वाकलं. काय झालंय ते डोळ्यांना दिसलं, पण डोळ्यांना नेहमी उशिराच दिसतं. दोरी सैल करायच्या आत कडाड आवाज झाला. वृंदाताई बाहेर आल्या, तुटलेलं पातं पाहिलं आणि आत गेल्या. तीन पावसाळे उभा राहिलेला, सावलीत वाळवलेला भरीव माणगा बांबू त्यांच्याकडे आता एकाच जोडीपुरता उरला होता.

दुसऱ्या दिवशी ते उल्हासनगरला जाऊन ग्लासच्या पट्ट्या घेऊन आले. दुकानदार हितेश त्यांना किती वर्षं सांगत होता, काका, ग्लास ले लो, बांबू का झंझट छोडो. आज काका मुकाट्याने आले याचं त्याला नवल वाटलं. परतीच्या वाटेवर चिंतामणींनी खोटं जुळवलं. बांबूला कीड लागली, असं सांगायचं. बांबूला लागतेच कीड, कुणाला शंका यायचं कारण नाही.

पुतळाबाई तीन-चार दिवसांनी एकट्याच आल्या. मुसळाचं उरलेलं टोक, लोखंडी कडीचं, त्यांना परत हवं होतं. पुढच्या हळदीला तेवढं पुरेल, म्हणाल्या. बरोबर फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या होत्या. बेलवलीत लग्नघरच्या भाकऱ्यांची ऑर्डर त्यांच्याकडेच असायची. चिंतामणींनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि घसा साफ करून किडीची कहाणी सुरू केली. पुतळाबाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी टेबलावरचं, दुसऱ्या जोडीचं अर्धवट खरवडून सोडलेलं पातं उचललं आणि सवयीने अंगठा आणि बोटात धरून सरकवलं. भाकरीची कड चाचपावी तसं.

"कीड नाय दिसत," त्या म्हणाल्या. "हितं जाड ऱ्हायलंय पन."

चिंतामणींनी तिथे अंगठा ठेवला. काही कळलं नाही. त्यांनी तो दाबला, पुढे नेला, मागे आणला. पुतळाबाई त्यांच्या अंगठ्याकडे बघत होत्या, आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे.

"तुमचे बोटाना कलत नाय का, भाऊ?"

"नाही कळत," चिंतामणी म्हणाले. "वर्ष झालं." एवढं बोलल्यावर त्यांना एकदम दमल्यासारखं झालं आणि ते बाजेवर बसले. मग पहिल्या जोडीचं सांगितलं, उल्हासनगरच्या पट्ट्यांचं सांगितलं, किडीचं काही सांगावं लागलं नाही. एक्केचाळीस धनुष्यं केलेल्या माणसाला आता एक पातं सरळ करता येत नाही, हे म्हणताना त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

पुतळाबाईंनी पातं खाली ठेवलं नव्हतं. "भाकर एके बाजून जाड ऱ्हायली तं फुगत नाय," त्या म्हणाल्या. "तसंच ना ह्ये?"

"अगदी तसंच."

"मंग माजी बोटा घ्या. दुपारचं मना काय काम नसतं."

पुढच्या पाच दुपारी शेडमध्ये एक वेगळंच काम चाललं. पुतळाबाई पातं सरकवायच्या आणि पेन्सिलीने खूण करायच्या. चिंतामणी आपल्या पोलादी पट्टीने तिथे खरवडायचे. ती पट्टी त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी तुटक्या करवतीतून घडवली होती. पुतळाबाई पुन्हा सरकवायच्या, मान हलवायच्या. कधी "अजून", कधी "बास". त्या बास म्हणाल्या की पट्टी थांबायची. बांबूचे पातळ कुरळे पापुद्रे पायाशी जमत आणि दारातल्या उन्हात हलके हलके सरकत. पाचव्या दिवशी पाती खैराच्या मुठीला जोडली, खुंटीला अडकवून ताणली, आणि चिंतामणी दारापर्यंत मागे गेले. वरचा आणि खालचा बाक सारखा होता. खाली एक, वर एक, चंद्रकोरीच्या दोन टोकांसारखा. पुतळाबाईंनीही मागे जाऊन पाहिलं आणि फुगली म्हणाल्या.

जिज्ञासा आली तेव्हा चिंतामणींनी तिला डोळे मिटायला लावले आणि धनुष्य हातात दिलं. ते मनात आकडे मोजू लागले. तिची बोटं मुठीभोवती मिटली, जरा हलली आणि स्थिर झाली. साठ झाले, सत्तर झाले, तिने डोळे उघडले नाहीत. कुणी तिला घाई केली नाही. डोळे उघडल्यावर तिने आधी सासूकडे पाहिलं.

ती निघताना चिंतामणींनी फळीवरची पोलादी पट्टी काढली आणि तिच्या हातात ठेवली. बांबू वर्षाकाठी थोडा बदलतो, तेव्हा हलकंसं खरवडावं लागेल, कुठे ते आई सांगतील, असं त्यांनी समजावलं.

"आणि तुम्हाला, काका?"

"ग्लासला नाही लागत," चिंतामणी म्हणाले.

वृंदाताई चहा घेऊन आल्या. गरम आहे, कपाच्या कानाला धरा, असं त्यांनी हल्लीच्या सवयीने सांगितलं. मग त्यांची नजर फळीवर गेली. पट्टी हरवली का, त्यांनी विचारलं. नाही, दिली, ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेड झाडली, बांबूचे पापुद्रे गोळा केले आणि सगळी हत्यारं पुसून आपापल्या जागी अडकवली. पट्टीची रेषा इतक्या वर्षांच्या हाताळणीने पुसट झाली होती. त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला, ब्रश मुठीत घट्ट धरला आणि त्या रिकाम्या आकारावरून सावकाश पुन्हा एकदा रंग फिरवला.