उघडणाऱ्या छपराचा सज्जा

मी एक जुना लाकडी सज्जा आहे, मित्रांनो. पोलंडातल्या वूच शहरात, सूतगिरणीच्या मागच्या चौकात, पहिल्या मजल्यावर लटकलोय. शंभरी कधीच उलटली. शाळा काही शिकलो नाही, पण माणसं बघितली भरपूर.

मला बनवलं मेंडेल सुतारानं, हेनोखसाठी. हेनोख मोजे विणायचा. ही ज्यू माणसं. शरदात त्यांचा सण यायचा. सात दिवस फांद्यांच्या छपराखाली जेवायचं, वर फक्त आभाळ, दुसरं काही चालायचं नाही. म्हणून माझ्या छपराला बिजागऱ्या. दोरी ओढली, की पेटीच्या झाकणासारखा उघडायचो. गिरणीची काजळी ताटातल्या रश्शात पडायची, तरी सगळे खूश!

एका वर्षी सणाच्या आदल्या दिवशी हेनोखनं घाम गाळून फांद्या अंथरल्या, अन् मग वर बघितलं. वरच्या मजल्यावरच्या रुख्ला म्हातारीनं कुंड्यांसाठी आपल्या खिडकीबाहेर, माझ्या डोक्यावर फळ्या ठोकलेल्या! म्हणजे सण बाद.

"अहो रुख्लाबाई, माझं आभाळ झाकलंत की!"

"आभाळ काय तुझ्या बापानं विणलं? माझी फुलं कुठं ठेवू, डोक्यावर?"

हेनोखची बायको पेर्ला खिडकीतून ओरडली, "अहो, सकाळपासून फांद्या बांधताय, एकदा तरी मान वर केलीत का? सरका!" मग वर बघून म्हणाली, "मावशी, फळ्या काढा आणि सातही दिवस आमच्याकडं जेवायला या. एकट्या काय खाताय?"

म्हातारी एक कुंडी उचलत म्हणाली, "मासा गोड करणार असशील तर नाही येणार. तुम्हा वूचवाल्यांचा मासा म्हणजे खीर. आमच्या लिथुआनियात मिरी घालतात."

"घालते मिरी! काढा फळ्या."

फळ्या निघाल्या. तेव्हापासून रुख्ला दर वर्षी यायची, माशाला नावं ठेवायची अन् दोनदा वाढून घ्यायची. माझे तेच चांगले दिवस.

एकोणीसशे चाळीस सालच्या हिवाळ्यात जर्मन शिपायांनी तिघांनाही घराबाहेर काढलं. पेर्लानं जाताना माझं छप्पर नीट लावलं, बर्फ आत येऊ नये म्हणून. कुणीच परत आलं नाही.

पुढं नवी बिऱ्हाडं आली. छपरातून वारा येतो म्हणून खिळे ठोकले, वर डांबर फासलं. माझ्यात कोळसा भरला, काकड्यांच्या बरण्या ठेवल्या. मी काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

परवा इमारतीच्या डागडुजीला माणसं आली. मुकादम म्हणाला, "हे कुजकं खोकं कापून टाका." करवत दांड्याला लागलीसुद्धा. घरात राहणारी यानिना, गिरणीतून निवृत्त झालेली बाई, बरण्या उचलायला आली अन् थबकली.

"थांब रे! छपराला बिजागऱ्या कशाला?"

"आजी, जुन्या लोकांचं काहीतरी खूळ."

"खूळ कसलं? आधी उघडून दाखव, मग काप."

कुरकुरत त्यानं खिळे उपटले, दोन्ही हातांनी रेटलं. कर्रकन आवाज झाला. ऐंशी वर्षांची धूळ मुकादमाच्या टकलावर पडली, अन् माझ्यात लख्ख ऊन शिरलं. यानिना वर बघत राहिली. मुकादमानं करवत खाली ठेवली.

"इथं बसून आभाळ बघत असतील गं कुणी," तो हळूच म्हणाला.

मित्रांनो, एक मागतो. जुन्या घरात एखादी विचित्र बिजागरी दिसली, तर खिळा ठोकायच्या आधी जरा विचारा, इथून काय उघडत होतं, अन् कुणासाठी?