भावोजींना विकलेले तीन प्लेअर

गिऱ्हाईक दुकानात येतं, काउंटरवर कोपर टेकतं आणि विचारतं, "आता डिस्क प्लेअर घेण्यात काही अर्थ आहे का हो? स्ट्रीमिंगवर तर सगळं मिळतं." मी सांगतो, "मिळतं तोवर मिळतं." परवाच एक निवृत्त ड्रायव्हर आला होता. त्याच्या बायकोचा आवडता सिनेमा महिनाअखेरीस ॲपवरून गायब झाला. का गेला, कुठे गेला, हे विचारायचं कोणाला, तेही त्याला कळेना. डिस्क तुमच्या कपाटात असते. नेट गेलं तरी चालते, कंपनी बुडाली तरी चालते. तेव्हा प्लेअर घ्या, आणि जरा बरा घ्या, असं मी म्हणतो.

यात एक अक्षर खोटं नाही. पण हेच सगळं मी भावोजींना ऐकवलं तेव्हा माझ्या पोटात भलतंच काही होतं, आणि ते सांगायला मी बसलोय.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. घरोघरी इंटरनेट जोडून द्यायचं काम करतात. खांद्यावर केबलचं भेंडोळं, कमरेला पक्कड आणि तोंडात एकच पालुपद, "टीव्हीत सगळं येतं, पेट्या कशाला पाहिजेत?" आमची अख्खी गल्ली त्यांनीच जोडली. ज्या घरात त्यांची वायर शिरली त्या घरातलं गिऱ्हाईक मला परत दिसलं नाही. घरचाच माणूस मुळावर उठला म्हणून मी त्यांचं नाव वायफाय ठेवलं होतं. अर्थात पाठीमागे. तोंडावर मी भावोजीच म्हणायचो, तेवढं वळण ताईने लावलं होतं.

ताई शिवणकाम शिकवायची. आजारी पडली तेव्हा तिची मुलगी तीन वर्षांची होती. डॉक्टर गोलगोल बोलत होते, पण ताईला काय ते कळलं होतं. मला म्हणाली, "तुझ्याकडे ते रेकॉर्ड करायचं मशीन आहे ना, ते आण. पोरीसाठी थोडं बोलून ठेवते." दुकानातला सगळ्यात चांगला डिस्क रेकॉर्डर मी तिच्या घरी नेऊन बसवला आणि त्याला कॅमेरा जोडला. तीन दुपारी आम्ही बसलो, ती आणि मी. भावोजी तेव्हा कुठल्या तरी खांबावर होते.

तिसऱ्या दुपारी मी विचारलं, "ताई, आता डिस्क बंद करू?" अशी डिस्क भरून झाली की बंद करावी लागते. बटण दाबायचं, मशीन काही मिनिटं घुरघुरतं, मग ती डिस्क कुठल्याही प्लेअरवर चालते. बंद केली नाही तर जिच्यावर भरली तीच पेटी तिला ओळखते, बाकीच्यांना ती कोरी दिसते. ताई म्हणाली, "इतक्यात नको रे. अजून बोलायचंय." चौथ्या दुपारी ती हॉस्पिटलात होती आणि तिथून ती घरी आलीच नाही.

डिस्क त्यांच्या कपाटात राहिली आणि मशीन टीव्हीखाली. ती लावून बघायचा भावोजींना धीर झाला नाही. पोरगी मोठी झाली की बघू, असं म्हणत त्यांनी वर्षं काढली. डिस्क बंद करायची राहिलीय, हे मला एकट्याला माहीत होतं.

मग सहा वर्षांपूर्वी त्यांनी घर रंगवायला काढलं. एके दिवशी दुपारी भावोजी ते मशीन काखोटीला मारून दुकानात आले. तेव्हा चार-पाच गिऱ्हाइकं होती, तेवढी तरी तेव्हा असायची. भावोजींनी मशीन काउंटरवर आदळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे घे, टाक तुझ्या भंगारात. आमच्या मेहुण्याचं दुकान म्हणजे जुन्या पेट्यांचं माहेर. बाळंतपणाला नाही हां, मरायला येतात सगळ्या!"

लोक हसले. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, भावोजी, या पेटीशिवाय ताईची डिस्क लागणार नाही. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ताई जिच्यासमोर बसून श्वास मोजत बोलली, ती पेटी भंगारात टाकून हा माणूस दात काढत होता, आणि माझं डोकं फिरलं. मशीन घेतलं, पुसलं, जाड कापडात गुंडाळलं आणि काउंटरखाली सरकवलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. ते पाय धरले जाणार असतील तर गाढव व्हायला माझी काही हरकत नव्हती.

महिन्यातून एकदा मी ते चालू करून बघायचो. लेन्स साफ करायचो, ट्रे आतबाहेर करून बघायचो. मशीन ठणठणीत होतं. मीही वाट बघायला ठणठणीत होतो.

हरी अडला तो यंदा. एका शनिवारी सकाळी भावोजी आणि भाची दोघं दुकानात आले. भाची आता एकोणीस वर्षांची झालीय, पुढच्या महिन्यात नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाणार आहे. तिच्या हातात डिस्क होती, रुमालात गुंडाळलेली.

"मामा," ती म्हणाली, "मला आईचा आवाज आठवतच नाही. चेहरा फोटोत तरी बघता येतो. आवाज कुठेच नाहीये. जायच्या आधी एकदा ऐकायचाय."

भावोजी म्हणाले, "कंप्युटर कोरी दाखवतो. शेजाऱ्यांच्या प्लेअरवरही तेच. तू बघ ना जरा."

"स्ट्रीमिंगवर शोधलंत का?" मी विचारलं.

भावोजींनी मान खाली घातली. भाची हसली, तिला वाटलं मामा नेहमीसारखी थट्टा करतोय. माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर मशीन होतं. मी वाकलो असतो तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण सहा वर्षं वाट बघितल्यावर पाच मिनिटांत सोडायला जीव होईना.

"जुनी डिस्क आहे, तिला ताकदीचा प्लेअर लागतो," मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो आणि फडताळावरून एक चकचकीत खोका काढला. "हा घेऊन जा. याची लेन्स चांगली आहे. आणि पोरी, धुळीनेही अडत असेल, रोज पुसत जा." ते शेवटचं वाक्य मी असंच टाकलं होतं, डॉक्टर पथ्य सांगतो तसं. भावोजींनी निमूटपणे प्लेअर घेतला. ती डिस्क त्याच्यावर जन्मात चालणार नव्हती.

दुसऱ्या शनिवारी दोघं परत आले.

"नाही लागली," भावोजी म्हणाले.

"लागेल, लागेल. पण आधी मला एक सांगा, डिस्क प्लेअर घेण्यात अर्थ आहे की नाही?"

"आहे."

"जरा मोठ्याने. त्या बाकावरच्या काकांना कमी ऐकू येतं."

"आहे बाबा, आहे!" भावोजी ओरडले. काका दचकले. मी दुसरा प्लेअर बांधून दिला. त्या दिवशी मी भूक नसताना दोनदा जेवलो, इतका खूश होतो.

तिसऱ्या शनिवारी भावोजी एकटेच आले. दाढी वाढली होती. केबलचं भेंडोळं त्यांनी दाराबाहेरच ठेवलं, पूर्वी ते माझ्या काउंटरवर आपटायचे. म्हणाले, "रोज बसते रे टीव्हीसमोर. डिस्क पुसते, आत घालते, काढते, परत पुसते. म्हणते, बाबा, आज लागेल. मला बघवत नाही. तू रागावला असशील माझ्यावर तर रागाव, पण काहीतरी कर."

मला दया आली असं लिहिलं तर बरं दिसेल, पण आली नाही. मला वाटलं, आता हा पिकला, एका शनिवारात गळून पडेल. मी त्यांना तिसरा प्लेअर दिला, छोटा, प्रवासात नेतात तसला, आणि वर सांगितलं, "याच्यावर नाही लागली तर पुढच्या शनिवारी दोघं या. मी माझं खास काहीतरी काढतो."

तो आठवडा मी भाषण पाठ करण्यात घालवला. काय बोलायचं, कुठे थांबायचं, पेटी कधी वर काढायची, सगळं ठरवलं. भावोजी माफी मागतील, भाची गळ्यात पडेल, आणि मग ताई बोलेल. खोटं कशाला सांगू, त्या चित्रात मी सगळ्यात उंच दिसत होतो.

चौथ्या शनिवारी मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, टीव्ही पुसला आणि मशीन काउंटरवर ठेवून त्यावरचं कापड काढलं. भावोजी पुढे झाले.

"हे तर आमचंच."

"तुमचंच. तुम्ही भंगारात टाकलेलं. ही डिस्क फक्त याच मशीनवर लागते, कारण ती बंद करायची राहिली होती," मी म्हणालो. भाषणाचं पहिलं वाक्य फर्मास जमलं होतं. "आण गं डिस्क."

भाचीने रुमाल सोडला. मी डिस्क दिव्याखाली धरली आणि पुढचं भाषण तिथेच संपलं. डिस्कवर गोल गोल चरे होते, शेकडो, एकाला एक लागून, मधला थोडा भाग सोडून थेट कडेपर्यंत.

"हे काय केलंस?"

"तूच म्हणालास ना, पुसत जा. नेटवर होतं, टूथपेस्टने चरे जातात, गोल गोल घासायचं. रोज करते. बाबा कामावर गेले की दुपारीही करते."

डिस्क कधी गोल पुसायची नसते. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायची, आणि दातांची पेस्ट दातांनाच लावायची. हे मी रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट सांगतो. भाचीला सांगितलं नव्हतं, कारण पुसून काही होणारच नव्हतं. मी तिला नुसतं कामाला लावलं होतं.

मी डिस्क आत घातली. मशीनने तिला लगेच ओळखलं, कारण डिस्कची सुरुवात मधून होते आणि तेवढा भाग वाचला होता. पडद्यावर ताईची खोली आली, खिडकी, शिलाईचं टेबल, आणि खुर्चीत ताई. भाचीने दोन्ही हात तोंडावर धरले. आवाज आला, पण माझा. "ताई, खुर्ची जरा डावीकडे घे. मागून उजेड येतोय. अजून थोडी. हां, बस्स." खुर्ची घासल्याचा आवाज आला. ताईने पदर सारखा केला, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि ओठ उघडले. तिथेच चित्राचे चौकोन झाले. लेन्स आत करकरत राहिली आणि पडदा काळा झाला.

मी परत लावली. परत तेच झालं. लेन्स पुसली, डिस्क धुतली, मशीन गार करून लावलं, उलटसुलट माहीत होते ते सगळे उपाय केले. दर वेळी माझा आवाज यायचा, खुर्ची सरकायची आणि ताईचे ओठ उघडले की सगळं थांबायचं. सहाव्या वेळी भावोजी म्हणाले, "पुरे कर." त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

भाची रडत नव्हती. ती मशीनकडे बघत होती.

"मामा, पहिल्या शनिवारी आम्ही आलो तेव्हा हे कुठे होतं?"

"इथेच. काउंटरखाली."

"चालू होतं?"

"होतं."

"आणि तेव्हा डिस्क चांगली होती."

भावोजी स्टुलावर बसले आणि त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. मला वाटलं, आता ही पोरगी मशीन उचलून माझ्या डोक्यात घालेल, आणि मनातून मला तेच हवं होतं.

ती म्हणाली, "तू होतास ना तिथे. तिन्ही दिवस. तूच समोर होतास. आई काय म्हणाली ते मला सांग."

मी तोंड उघडलं. मला आठवत होतं की पहिल्या दुपारी खिडकीतून उजेड जास्त येत होता. दुसऱ्या दुपारी ती एकदा खोकली तेव्हा आवाजाची सुई लाल पट्ट्यात गेली होती. तिसऱ्या दिवसाअखेर डिस्कमध्ये एकोणीस मिनिटांची जागा उरली होती. माझी नजर मशीनवर होती, रेकॉर्डिंग नीट होतंय की नाही यावर. ताई बोलत होती आणि मी ऐकत नव्हतो, कारण सगळं डिस्कमध्ये जातच होतं, नंतर केव्हाही ऐकता येणार होतं.

"कॉलर," मी म्हणालो. "कॉलर कशी बेतायची ते काहीतरी सांगत होती."

"आणि?"

"आणि... तुझं नाव घेतलं दोनदा. तीनदा असेल."

"नाव घेऊन काय म्हणाली?"

ताईच्या तोंडी एखादं गोड वाक्य घालावं, असं मनात आलं. पण भाची माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की खोटं बोलायलाही जीभ उचलेना.

"आठवत नाही गं," मी म्हणालो.

तिने बाकावरची धूळ हाताने झटकली, बाक माझ्यासमोर ओढून घेतला आणि त्यावर बसली.

"आठव," ती म्हणाली. "मी बसलेय."