भुंग्याचे कान

"अरे, मी काही तुझे कान कापायला आले नाहीये," हेमा म्हणाली आणि तिनं कंगवा पाठीमागे लपवला.

भुंगा डायनिंग टेबलाखाली भिंतीला अंग चिकटवून बसला होता. कंगवा दिसेनासा झाला तरी त्याची गुरगुर थांबली नाही. काळाकुळकुळीत कॉकर स्पॅनियल, वय झालेला, कान इतके लांब की पाणी पिताना वाडग्यात बुडायचे. त्या कानांमागे आता केसांच्या जटा झाल्या होत्या आणि जवळ गेलं की आंबूस वास यायचा. खालची कातडी ओली राहून चिघळायला लागलीय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कुत्र्यांच्या पार्लरमध्ये नेलं तर त्यानं तिथल्या मुलीच्या बोटाला दात लावले. भूल द्यावी, तर हृदय कमजोर. "घरीच करा, थोडं थोडं," डॉक्टर म्हणाले होते. "त्याच्या सवयीच्या माणसानं केलं तर करू देईल."

सवयीचं माणूस खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसलं होतं. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी श्यामरावांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. कळायचं सगळं. शब्द तेवढे येत नव्हते.

मुळात त्यांच्याकडे शब्द कधी फार नव्हतेच. जन्मभर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मान खाली घालून रेघा ओढल्या, आणि घरी आल्यावर "हं" आणि "वाढ थोडं" यांवर संसार केला. हेमा त्याच्या अगदी उलट. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, आणि लोकांचं बोलणं ऐकायचं नाही हा तिथला नियम तिनं काही फार मनावर घेतला नव्हता.

निवृत्त झाल्यावर श्यामरावांनी हे पिल्लू घरी आणलं. हेमाला विचारलं नव्हतं. दर रविवारी सकाळी भुंग्याला घेऊन ते स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत बसायचे आणि सरकतं दार लावून घ्यायचे. काचेतून हेमाला त्यांची पाठ दिसायची, हातातला कंगवा दिसायचा आणि मधूनमधून हलणारी मान दिसायची. हा माणूस तासभर बोलत असायचा. ताटावर ज्याच्या तोंडून वाक्य पुरं व्हायचं नाही, तो कुत्र्याशी तासभर काय बोलत असेल? एकदा तिनं विचारलंही होतं. "काही नाही, उगाच," ते म्हणाले होते.

आता तिला तेच हवं होतं. भुंग्याला त्या बोलण्याची सवय आहे, तेव्हा ते शब्द सापडले तर तो कान हातात देईल, असं तिच्या डोक्यानं घेतलं. दोन दिवस तिनं सगळं म्हणून पाहिलं. शहाणा बाळ म्हणाली, राजा म्हणाली, कान दे, बस, झालं झालं. प्रत्येक शब्दाला भुंगा दात दाखवायचा.

शेवटी ती नवऱ्यासमोर जाऊन बसली. "अहो, काय म्हणायचात हो तुम्ही त्याला?"

श्यामरावांनी तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. घशातून काहीतरी घोगरं आलं आणि विरलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, मग डाव्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर जोरात थापटलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं हेमाला वाटून गेलं.

संध्याकाळी सृष्टीचा, त्यांच्या लेकीचा, फोन आला.

"आई, प्रॅक्टिकल हो ना. बाबांचं सगळं तूच करतेस, वर हा. तुझ्या जावयाच्या मित्राचं लोणी काळभोरला फार्महाउस आहे, तिथे ऑलरेडी चार कुत्री आहेत. शनिवारी येऊन मी घेऊन जाते त्याला."

"आणि त्याचे कान?"

"तिथे बघतील."

"कोण बघतील?"

"आई, प्लीज."

हेमानं फोन ठेवला. टेबलाखालून निघून भुंगा खुर्चीपाशी गेला होता आणि श्यामरावांचा चांगला हात त्याच्या डोक्यावर होता. दिवसभरात त्यांचा चेहरा तेवढ्या वेळापुरताच सैल पडायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. शेजारच्या बाल्कनीत अख्तरबानू कुंडीतला पुदिना खुडत होत्या. महापालिकेच्या शाळेत हयात घालवलेल्या बाई. वारज्यातली ही इमारत बांधून झाली तेव्हापासूनचा दोघींचा शेजार.

"आपा, एक विचारू? आमचे हे कुत्र्याला विंचरताना काय बोलायचे?"

"मी काय कान लावून बसते का?"

"तसं नाही. पण ऐकू येत असेल."

"येतं. हात लांब केला तर तुमच्या दोरीवरचा टॉवेल हाताला लागतो, मग बोलणं कुठे जाणार?" अख्तरबानू थोडा वेळ पानं खुडत राहिल्या. "'हेमाला सांगायचं नाही हं.' आधी हे. मग पुढचं."

"पुढचं काय?"

"आज आपण चौकात वडापाव खाल्ला, हेमाला सांगायचं नाही. दुधीची भाजी मला लग्नापासून आवडत नाही, हेमाला सांगायचं नाही."

हेमाला हसू फुटलं. कितीतरी दिवसांत ती अशी हसली नव्हती. पण अख्तरबानू हसत नव्हत्या.

"अजून काय, आपा?"

"होळीच्या सुमाराला म्हणत होते, उजव्या हाताला मुंग्या येतात, कप सुटतो हातातून. हेमाला सांगायचं नाही, ती घाबरेल." त्यांनी पुदिन्याची जुडी खाली ठेवली. "मला वाटलं, डॉक्टरांना दाखवलं असेल. आणि चोरून ऐकलेलं बोलून कसं दाखवायचं, हेमाताई?"

हातातली चादर हेमानं तशीच ओली बादलीत टाकली आणि आत गेली.

त्या दिवशी तिनं दुधीची भाजी केली. ताट श्यामरावांपुढे ठेवलं आणि समोर बसून राहिली. डाव्या हातानं, सांडत, त्यांनी सगळी भाजी संपवली. तिनं आणखी वाढली. तीही त्यांनी खाल्ली. मग मात्र तिलाच बघवेना. ती उठली आणि ओट्यापाशी बराच वेळ नळ सोडून भांडी विसळत राहिली. कुत्र्याला सांगितलं, मला नाही. वेळेवर कळतं तर? या 'तर'च्या पुढे तिला जाता येईना.

शुक्रवारी सकाळी तिनं ड्राय बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरली. बोथट टोकाची कात्री, कंगवा आणि वाटीत खोबरेल तेल घेतलं. श्यामरावांना हाताला धरून आणलं आणि उंबऱ्यापाशी खुर्चीत बसवलं. भुंग्याला पट्टा लावून ओढत आणावं लागलं. तिनं कानाला बोट लावताच तो गुरगुरला.

ती खाली वाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "हेमाला सांगायचं नाही हं."

गुरगुर थांबली. भुंग्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागे खुर्चीकडे पाहिलं. मग पुढचे पाय पसरून त्यानं डोकं तिच्या मांडीवर टाकलं. कान आपोआप उलटा झाला.

हे असं होईल असं तिला खरोखर वाटलं नव्हतं. आता पुढे काय बोलायचं हेही ठरवलं नव्हतं. ती गप्प राहिली तसं भुंग्यानं डोकं उचललं.

"उजव्या हाताला मुंग्या येतात," ती घाईनं म्हणाली. "कप सुटतो. हेमाला सांगायचं नाही."

मागे खुर्ची करकरली. हेमानं वळून पाहिलं नाही. बोटाला तेल घेऊन तिनं जट सैल केली, कात्रीचं टोक अलगद आत सरकवलं आणि कापली. काळा पुंजका कागदावर पडला. खाली कातडी लालभडक होती.

"हेमा घाबरेल. घाबरली असतीच. घाबरून रिक्षा बोलावली असती, तुम्हाला डॉक्टरांकडे नेलं असतं. घाबरलेली माणसं धावतात हो, नुसती रडत बसत नाहीत." कात्री चालत होती. "आता अंघोळीला नेताना रोज घाबरते. तुमचा पाय घसरला तर मला सावरता येणार नाही म्हणून घाबरते. हेमाला सांगायचं नाही."

एक कान मोकळा झाला. दुसरा भुंग्याच्या अंगाखाली दबला होता. तो कसा घ्यावा, या विचारात असताना तिच्या बाजूला धप्प आवाज झाला. श्यामराव खुर्चीवरून घसरत, भिंतीला टेकत खाली बसले होते. धाप लागली होती. त्यांनी डावा हात भुंग्याच्या गळ्याखाली घातला, त्याला सवयीनं कुशीवर वळवलं आणि दुसरा कान उचलून तिच्यासमोर धरला.

हेमानं त्या हाताकडे पाहिलं. कान त्यानं नीट पकडून ठेवला होता.

"दुधी आवडत नाही, तर सांगायचं होतं," ती म्हणाली.

श्यामरावांचे खांदे हलायला लागले. आधी तिला वाटलं रडतायत. पण तोंडाची एक बाजू वर गेली होती, दुसरी नव्हती, आणि मधून हसू बाहेर येत होतं.

दुपारी तिनं सृष्टीला फोन केला. "शनिवारी जेवायलाच ये. भुंगा कुठे जात नाहीये."

"आई, पण कान..."

"कान झाले."

काही रविवार गेले. कातडीवर खपली धरली आणि मग तिथे बारीक केस उगवले. हेमा विंचरायची, श्यामराव धरायचे. मग एका रविवारी ती कंगवा आणायला वळली, तेव्हा तो जागेवर नव्हता. काठी टेकत श्यामराव बाल्कनीत पोचले होते आणि कंगवा त्यांच्या डाव्या मुठीत होता. ती मागोमाग निघाली, तर त्यांनी कंगव्यानंच दाराकडे खूण केली. तिला कळेना. त्यांनी पुन्हा केली.

"लावून घेऊ?"

त्यांनी मान हलवली.

तिनं दार सरकवलं आणि काचेपाशी उभी राहिली. पलीकडून आवाज येत होता. शब्द एकही नव्हता, पण आवाज चढत होता, उतरत होता, मध्येच अडत होता आणि पुन्हा सुरू होत होता. एखादी लांबलचक हकीकत नीट समजावून सांगावी तसा. भुंगा पोट वर करून पडला होता.

हेमाचा कान काचेला जवळजवळ टेकला होता. मग ती मागे सरली आणि टेबलावरचा फोन उचलला.

"आपा, हेमा बोलतेय. बाल्कनीत आहात का?"

"आहे. का हो?"

"जरा आत जाता का? यांचं बोलणं चाललंय."

शेजारच्या बाल्कनीचं दार सरकल्याचा आणि कडी लागल्याचा आवाज आला.