डाव्या कानामागची गाठ

दाक्षायणीचे केस विंचरायचे म्हणजे गंगम्माच्या घरात निम्मी सकाळ जायची. केस कुरळे, दाट आणि राठ, मेंढीच्या लोकरीसारखे. लाकडी फणीचे दात मोडायचे, दाक्षायणीच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि गंगम्मा करवादायची, "कुनावर गेलीयास गं तू? आमच्यात कुनाचंच न्हाईत असलं."

घरात मायलेकी दोघीच. बाप मानमोडी तापाच्या साथीत गेला, तेव्हा दाक्षायणी सात वर्षांची होती. तेव्हापासून गंगम्मा सोलापुरातल्या एका गिरणीत रिळाच्या खात्यात जात होती. भोंग्याला जायची, भोंग्याला यायची. गिरणीमागच्या चाळीतली एक खोली आणि खोलीमागचं भिंतींनी वेढलेलं हातभर परसू, एवढंच त्यांचं जग. आता पोर सतरा पुरी झाली होती आणि बिरादरीतल्या बायका गंगम्माला तिच्या लग्नाचं रोज विचारत होत्या.

अक्कलकोटचं स्थळ आलं तेव्हा गंगम्माला आकाश ठेंगणं झालं. घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा एकुलता एक, आई काशम्मा तेवढी जरा कडक. काशम्मा मुलगी पाहायला स्वतः आली. पोर पसंत पडली, तिच्या हातची भाकरी पसंत पडली. निघताना तिनं दाक्षायणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात उचललाच गेला नाही. बोटं केसांत शिरली, चाचपत चाचपत डाव्या कानामागं गेली आणि तिथं थांबली. काशम्माचा चेहरा उतरला.

"ह्ये केस आमच्यात चालायचे न्हाईत," ती म्हणाली. "असल्या केसात जट धरती. सरळ करून घ्या. वैशाखात लगीन हाय, तवर सवड हाय."

जट म्हटलं की चाळीतल्या बाया छातीवर हात ठेवत. ज्या पोरीच्या केसांची आपसूक जट वळली तिला देवीनं बोलावलं, असं सगळे मानत. मग तिचं लग्न नाही, संसार नाही. कपाळाला भंडारा लावायचा, हातात परडी घ्यायची आणि दारोदार जोगवा मागायचा. गंगम्माच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्याच दिवशी गिरणीत खाडा करून ती लेकीला भीमण्णाकडे घेऊन गेली.

भीमाशंकर म्हणजे भीमण्णा एके काळी नाटक कंपनीत नायिकांची कामं करायचा. आवाज फुटला, अंग सुटलं, कंपनी मोडली. मग त्यानं साखर पेठेत दुकान घातलं. पुढं गंगावनं टांगलेली, पावडरीचे डबे, वाळ्याचं तेल, मोगऱ्याचं तेल. मागं एक खोली, तिथं मोठा आरसा आणि शेगडी. त्या खोलीत तो बायकांचे केस सारखे करून द्यायचा. बायका त्याच्यापुढं डोक्यावरचा पदर खाली घ्यायला लाजत नसत. त्याचा हात हलका होता आणि बोलणं मऊ होतं.

"कुणी सांगितलं केस सरळ करायला?" त्यानं विचारलं.

"व्हनाऱ्या सासूनं," गंगम्मा म्हणाली. "अक्कलकोटचं स्थळ हाय."

वाडग्यात चुन्याची निवळी आणि पापडखार घालून तो बराच वेळ ढवळत बसला. मग म्हणाला, "बाळ, डोळे मिट. हा लेप जळजळतो. सोसवेनासा झाला की लगेच सांग. लपवू नकोस."

लेप डोक्याला लागला आणि दाक्षायणीला वाटलं, टाळूवर कुणी निखारे पसरले. वासानं डोळे चुरचुरले. तिनं "पुरे" म्हणताच भीमण्णानं घाईघाईनं आंबट ताकानं केस धुतले. मग जवसाचा चीक लावून, लोखंडी चिमटा शेगडीवर तापवून, एकेक बट ओल्या फडक्यावरून ओढली. खोलीत जळक्या केसांचा वास भरला. शेवटी त्यानं तिला आरशासमोर बसवलं. कमरेपर्यंत सरळ, काळेभोर केस. दाक्षायणी बघतच राहिली. आरशातली पोर सुंदर होती, पण ती आपण आहोत असं तिला वाटेना.

आठ दिवस सुखात गेले. चाळीतल्या पोरी तिचे केस हातात घेऊन बघत होत्या. नवव्या दिवशी दुपारी गंगम्मा गिरणीत होती. दाक्षायणी खोलीचं दार आतून लावून परसात केस वाळवत बसली होती. ऊन चढलं होतं, डोळ्यांवर पेंग येत होती. तेवढ्यात मागून कुणीतरी तिचे केस हातात घेतले. कोमट, जराशी तेलकट बोटं होती. डाव्या कानामागचे केस वेगळे काढून ती हळूहळू पेड घालू लागली. बरं वाटत होतं. मागं कुणीतरी तोंडातल्या तोंडात गुणगुणतही होतं.

"अव्वा, आज लवकर सुटलीस की," दाक्षायणी डोळे न उघडता म्हणाली.

बोटं चालतच राहिली. आणि मग गिरणीचा भोंगा झाला. पाळी आत्ता सुटत होती. अव्वा अजून गिरणीतच होती.

दाक्षायणीनं डोळे उघडले. भोंगा थांबला तशी बोटंही थांबली. तिनं मान वळवली. परसात कुणी नव्हतं. दाराची कडी आतून तशीच होती. कानामागं हात नेला तर सुपारीएवढी घट्ट गाठ.

गंगम्मानं गाठ पाहिली आणि मटकन खाली बसली. फणी चालेना, तेल मुरेना. सकाळी दोघी पुन्हा साखर पेठेत. भीमण्णानं सुई घेऊन गाठ उकलायचा प्रयत्न केला. मग शेगडीवरचा चिमटा उचलला. चिमट्याची टोकं लालबुंद झाली होती. ती गाठीला लावताच, चटका बसेल म्हणून दाक्षायणीनं दात आवळले. चटका बसलाच नाही. केसही जळले नाहीत. भीमण्णानं चिमटा पुढं धरला तर लोखंड काळं पडलं होतं. त्यानं ते बोटानं चाचपलं. विहिरीतून काढल्यासारखं गार होतं.

चिमटा त्याच्या हातून पडला.

"गंगम्मा," तो म्हणाला, "त्या अक्कलकोटच्या बाईचं नाव काशम्मा का?"

"व्हय. का वो?"

भीमण्णा भिंतीला टेकून बसला. "दहा वर्षं झाली. ती आपल्या लेकीला घेऊन आली होती माझ्याकडे. चंद्रव्वा नाव. चौदा वर्षांची पोर. असेच केस, आणि डाव्या कानामागं अशीच गाठ. मी म्हटलं, तेल लावून बोटांनी सोडवा, दहाबारा दिवस लागतील. काशम्मा म्हणाली, दहा दिवसांत गावभर होईल, पोर देवीला सोडावी लागेल. आजच्या आज मोकळी करून दे. मी लेप लावला. पोर ओरडायला लागली. आईनं पदराच्या बोळ्यानं तिचं तोंड दाबलं. मी लेप धुवायला हवा होता. मी धुतला नाही. मला वाटलं, आणखी थोडा वेळ ठेवला तर सुटेल."

"मग?" दाक्षायणीनं विचारलं.

"कातडं सोललं गेलं. ताप चढला. नवव्या दिवशी पोर गेल्याचं कानावर आलं. त्या बाईनं मला शब्दानं दोष दिला नाही, की पुन्हा तोंड दाखवलं नाही."

घरी येताना गंगम्मा पुटपुटत होती, नारळ फोडू, भंडारा उधळू, देवीची ओटी भरू. चाळीत एव्हाना बातमी फुटली होती. दोघी व्हरांड्यातून जाताना कालपर्यंत दाक्षायणीच्या केसांवर हात फिरवणाऱ्या पोरी भिंतीला चिकटल्या. एका म्हातारीनं वाकून तिच्या पायांना हात लावला. दाक्षायणीला त्या हाताची जास्त भीती वाटली. परसातली बोटं निदान मऊ होती.

दुसऱ्या दिवशी गंगम्मा कामावर गेल्यावर ती आपणहून परसात जाऊन बसली. घरात बसून वाट बघणं त्याहून कठीण होतं. ऊन डोक्यावर आलं आणि हात आले. गाठीवरून फिरले, बाजूच्या बटा त्यात ओढू लागले.

"चंद्रव्वा," तिनं हाक मारली.

बोटं थांबली. मग तिच्या मानेवर मागून काहीतरी टेकलं. लहान कपाळ असावं तसं. ते तापानं फणफणलेलं होतं.

"काय पायजे गं तुला?"

बोटं पुन्हा चालू झाली. पेड घट्ट होत गेले, टाळू ताणली, डोळ्यांत पाणी आलं. "दुखतंय गं," दाक्षायणी कळवळून म्हणाली. त्याच क्षणी हात बाजूला झाले, जणू त्यांनाच चटका बसला. कितीतरी वेळ ते तिच्या केसांजवळ नुसते थांबून राहिले. शिवले नाहीत. दाक्षायणीला रडू आलं, ते भीतीनं नव्हे.

चार दिवसांनी काशम्मा लग्नाचं इरकल लुगडं घेऊन आली. गंगम्मा गाठीवरून पदर ओढून लेकीला लपवायला लागली, तर दाक्षायणीनं पदर काढून टाकला आणि काशम्माच्या पुढ्यात पाठमोरी बसली.

"आत्याबाई, गाठ बसलीया. तुमी सोडवा."

काशम्मानं तोंड फिरवलं. "कात्री आन, गंगम्मा."

"कात्री न्हाय," दाक्षायणी म्हणाली. "बोटांनी सोडवायची."

काशम्मानं गाठीला हात लावला आणि झटकन मागं घेतला. "कुनी सांगितलं तुला? त्या नाटक्यानं?"

"त्यानं सांगितलं. आनि ती सवता येती की. रोज दुपारी."

"काय म्हनती?" काशम्मानं विचारलं. खरं-खोटं तिनं केलंच नाही.

"काय न्हाय म्हनत. माजे केस इंचरती. मला दुखलं की हात काढून घेती."

काशम्मा जागच्या जागी खचली. लुगडं मांडीवरून घसरून जमिनीवर पडलं ते कुणी उचललं नाही. मग तिनं गंगम्माकडे तेलाची वाटी मागितली. तेलात बोटं बुडवून ती गाठीला लावली आणि एकेक केस सुटा करू लागली. तोंडानं ती कानडीत पुटपुटत होती, "सुम्म इरु, मगळे, सुम्म इरु." गप बस गं लेकी, गप बस. डोळ्यांतलं पाणी दाक्षायणीच्या मानेवर पडत होतं.

थोड्या वेळानं दाक्षायणीला जाणवलं की तिच्या केसांत दोन नव्हे, चार हात आहेत. दोन जाड, खरबरीत. आणि त्यांच्या खाली दोन लहान, कोमट. कुठला केस कुठं अडकलाय ते दाखवणारे. तिनं दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. गंगम्मानं पदर तोंडाशी धरला होता आणि नजर काशम्माच्या हातांवर खिळली होती. तिला काय दिसलं ते तिनं पुढं जन्मभर सांगितलं नाही.

काशम्मा तीन दिवस सोलापुरात राहिली. दुपारभर बसायची, भोंगा झाला की उठायची. तिसऱ्या दिवशी शेवटचा पेड सुटला. बट मोकळी झाली ती पहिल्यासारखी कुरळी. भीमण्णानं सरळ केलेले बाकीचे केसही मुळाकडून पुन्हा वळू लागले होते. काशम्मानं ते दोन्ही हातांत धरून पाहिले.

"आत्याबाई, मी तुमच्या घरात येनार न्हाय," दाक्षायणी म्हणाली.

गंगम्मा दचकली. काशम्मा मात्र मान डोलवत राहिली, जणू तिला हे आधीच ठाऊक होतं. लुगडं तिनं परत नेलं नाही. "नेस तू," एवढंच म्हणाली.

भीमण्णानं वाडगा, चिमटा, शेगडी सगळं मोडीत घातलं आणि मागची खोली बंद केली. पुढं तो नुसती तेलं विकत असे. परसात त्यानंतर कुणी आलं नाही. सुरुवातीला दाक्षायणी दुपारी तिथं बसून वाट बघायची. नंतर तेही सुटलं. वर्षभरानं तिला मोहोळला दिली. नवऱ्यानं पहिल्याच दिवशी तिचे केस बघून हसून विचारलं, यात फणी कशी जाती गं? ती म्हणाली, फणी जात न्हाय, बोटं जात्यात.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ती एका नात्यातल्या बारशाला अक्कलकोटला गेली. दुपारी पाय आपोआप काशम्माच्या घराकडे वळले. काशम्मा ओसरीवर बसली होती. बरीच खंगली होती. शेजारी तेलाची वाटी. समोर कुणी नव्हतं, तरी तिची बोटं हवेत चालली होती. तीन पेड वेगळे धरायची, एकावर एक टाकायची, जरा गुंता लागला की थांबून उकलायची. मुलगा आत जेवत होता. तो म्हणाला, "रोजचंच हाय. तेलाची वाटी सकाळी भरतो, संध्याकाळी रिकामी असती. सांडलेली कुटं दिसत न्हाय."

काशम्मानं वर पाहिलं. तिनं दाक्षायणीला लगेच ओळखलं, आणि तिच्या चेहऱ्यावर मागं कधी न पाहिलेलं समाधान होतं.

"ये की," ती म्हणाली. "हिचं होत आलंय. मग तुजे इंचरते."

दाक्षायणी जराशी थबकली. मग चपला काढून ओसरीवर चढली आणि मधली एका पोरीपुरती जागा मोकळी सोडून बसली.