जयवंताची उमेदवारी

लेकीच्या ॲडमिशनला सोबत म्हणून गेलेली जयवंता स्वतःचंच नाव नोंदवून घरी आली, ही गोष्ट रामटेकच्या बाजूच्या दोन-चार गावांत चांगलीच गाजली. कोणी म्हणालं, बाईचं डोकं फिरलं. कोणी म्हणालं, नवऱ्यानं फार सूट दिली. खरं काय झालं ते असं.

तिची मुलगी रितिका बारावी झाली होती आणि तिला नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये संगणकाचा ट्रेड घ्यायचा होता. प्रवेशाची शेवटची फेरी होती. उरलेल्या जागा त्या दिवशी तिथल्या तिथे भरायच्या होत्या, म्हणून मायलेकी सकाळच्याच एसटीनं नागपुरात पोहोचल्या. रितिका रांगेत लागली. जयवंता व्हरांड्यात बसायला जागा शोधत होती, तेवढ्यात पलीकडच्या शेडमधून ट्रॅक्टरचा आवाज आला. इंजिन धडधडलं, खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा बंद.

मग तिला बसवेना. घरचा ट्रॅक्टर कितीतरी वर्षं तीच चालवत होती. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, चिखल करायचा तर तो जयवंतानंच, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिचा हात स्टिअरिंगपुरताच. ट्रॅक्टर बिघडला की रामटेकहून मिस्त्री यायचा, बॉनेट उघडायचा आणि म्हणायचा, “वहिनी, चहा ठेवा ना.” ती चहा घेऊन येईपर्यंत बॉनेट बंद झालेलं असायचं. आत नेमकं काय आहे, हे तिनं कधी धड पाहिलंच नव्हतं.

शेडच्या दारात ती थबकली. आत एक अख्खं इंजिन उघडून स्टँडवर ठेवलं होतं आणि निळा बॉयलर सूट घातलेली एक बाई हात पुसत उभी होती. त्या अरुंधती मॅडम, ट्रॅक्टर मेकॅनिकचा ट्रेड शिकवणाऱ्या निदेशक.

“या ना आत,” मॅडम म्हणाल्या. “मुलाचं ॲडमिशन आहे का? या ट्रेडच्या जागा अजून रिकाम्या आहेत.”

“पोट्टा नाई मले. पोट्टी हाय. ते संगणक घेऊन राहिली.” जयवंताचे डोळे मात्र इंजिनावरून हलेनात. “हे वरखाली होते ते काय हाय?”

मॅडमनी हातानं चाक फिरवून दाखवलं. पिस्टन वर आला, खाली गेला. डिझेल कुठून येतं, कुठं पेटतं, ती ताकद चाकापर्यंत कशी जाते, सगळं सांगितलं. जयवंता एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत राहिली. शेवटी पदर खांद्यावर घट्ट ओढून तिनं हळूच विचारलं, “मॅडम, हे शिकाले वय किती लागते?”

“कमीत कमी चौदा.”

“अन् जास्तीत जास्त?”

“त्याला मर्यादा नाही. दहावी झालीय का तुमची?”

झाली होती. माहेरी असताना, लग्नाच्या आधल्या वर्षी. जयवंताच्या छातीत असं धडधडायला लागलं, की मघाचं इंजिन बरं. तिनं तिथंच उभं राहून नवऱ्याला फोन लावला. “अवो, माया लोखंडी पेटीत दहावीची मार्कशीट हाय. ते घेऊन नागपूरले या. आत्ताच निघा.”

“काहून? तुयी मार्कशीट कोनाले पाह्यजे?” कवडू विचारत राहिला, पण तिनं फोन ठेवला. सांगितलं असतं तर तो विचार करत बसला असता, आणि विचार करायला वेळ नव्हता.

दुपार कलायला लागली तेव्हा कवडूची मोटारसायकल गेटमध्ये शिरली. हकिगत ऐकून त्यानं आधी इंजिनाकडे पाहिलं, मग बायकोकडे. तिचा चेहरा असा उजळलेला त्यानं बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. “घे मंग,” तो म्हणाला. “सकाळचं ढोरांचं मी पाहीन. रोवणीच्या दिवसांत सुट्टी घ्या लागन मातर.”

खरी कानकोंडी झाली ती रितिका. “आई, तू काहून असं करून राहिली वं? माया मैत्रिणी काय म्हनतीन?” परतीच्या एसटीत ती आईपासून लांबच्या सीटवर बसली. रात्री जेवताना मायलेकींचा करार झाला. एसटीत एका सीटवर बसायचं, पण आयटीआयच्या गेटच्या आत कोणी कोणाला ओळखायचं नाही.

ते वर्ष जयवंताला पुरलं नाही. शेडमध्ये ती एकटीच बाई, बाकी सगळी मिसरूड फुटलेली पोरं. पहिले काही दिवस ती पोरं या काकूंच्या पुढ्यातून पाना उचलून न्यायची आणि म्हणायची, “राहू द्या, आमी करतो.” जयवंता दुसरा पाना उचलायची. तिच्या हातून बोल्ट मोडले, एकदा गॅस्केट उलटं बसवलं, मोजमापाच्या गणितांनी तिला रडवलं. पण रोज सकाळी एसटीत चढताना तिच्या अंगात वारं शिरल्यासारखं व्हायचं. आज काय उघडणार, आज आत काय दिसणार.

उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या गटानं एक जुनं इंजिन पूर्ण खोलून पुन्हा जोडलं. मॅडमनी चावी तिच्या हातात दिली. पहिल्या झटक्याला काहीच झालं नाही. दुसऱ्या झटक्याला धूर आला. तिसऱ्याला इंजिन असं धडाडून सुरू झालं, की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि पोरांनी काकूंच्या नावानं टाळ्यांचा पाऊस पाडला. गलका ऐकून संगणकाच्या वर्गातली मुलं बाहेर आली. त्यांत रितिकाही होती. तेलानं हात कोपरापर्यंत काळे झालेल्या त्या बाईकडे बोट दाखवून एका मैत्रिणीनं विचारलं, “कोण गं ती?”

“ते माई आई हाय,” रितिका म्हणाली आणि सगळ्यांच्या देखत पळत जाऊन तिला बिलगली. नव्या पंजाबी ड्रेसला तेल लागलं, त्याचंही तिला काही वाटलं नाही.

परीक्षा झाली, दोघी पास झाल्या. आता शिकाऊ उमेदवारीचा मेळावा होता. कारखाने, शोरूम आणि वर्कशॉपवाले येऊन मुलं निवडणार, निवडलेल्यांना वर्षभर कामावर ठेवून शिकवणार, त्यांच्या विद्यावेतनाचा काही भाग सरकार देणार, अशी ती योजना. रितिकानं दोघींची नोंदणी पोर्टलवर केली. मेळाव्याच्या दिवशी जयवंतानं गांधीबागेच्या कापडबाजारातून घेतलेली नवी सुती साडी नेसली.

आयटीआयचं सभागृह माणसांनी फुललं होतं. रितिकाला तासाभरातच एका कार्यालयानं निवडलं. जयवंता ट्रॅक्टरच्या एका मोठ्या शोरूमच्या टेबलासमोर गेली. तिथे रजत नावाचा तरुण बसला होता. त्यानं आदबीनं खुर्ची दिली आणि विचारलं, “काकू, मुलगा आला नाही का?”

“मीच हावो उमेदवार.”

रजतनं स्क्रीनवर तिची जन्मतारीख पाहिली आणि तो ओशाळला. “काकू, पस्तीसच्या वरच्या उमेदवारासाठी शासनाचा हिस्सा येत नाही. आमच्या वरिष्ठांनी सांगून ठेवलंय, अशा केसेस घेऊच नका.”

दुसऱ्या टेबलावर तेच. तिसऱ्यावर तर नाव विचारायच्या आधीच नकार. शिकायला वयाची अट नव्हती आणि शिकून झाल्यावर ती इथे आडवी आली. एकवेळ कोणी वाईट बोललं असतं तर ती भांडली असती, पण सगळे गोड बोलत होते. ती भिंतीला लागून जाऊन बसली. रितिकाचं तोंड लाल झालं होतं. “मी बी नाई जात मंग,” ती म्हणाली.

“बस वं. वेडी होऊ नको.”

अरुंधती मॅडमना हे कळलं तेव्हा त्या तडक मदत कक्षाकडे गेल्या. तिथे उमेदवारी कार्यालयाचे अधिकारी मधुकरराव बसले होते. मायलेकीही मागोमाग गेल्या.

“सर, एक सांगा,” मॅडम म्हणाल्या. “वयाची ही अट सरकारच्या हिश्शाला आहे, की उमेदवारीच्या कराराला?”

मधुकररावांनी चष्मा काढला, पुसला, घातला. कॉम्प्युटरवर मार्गदर्शक सूचना उघडून सावकाश वाचल्या.

“हिश्शाला,” ते म्हणाले. “करार होऊ शकतो. फक्त पूर्ण विद्यावेतन मालकाला द्यावं लागेल.”

“मग हे माइकवरून सांगता का? इथल्या निम्म्या लोकांचा गैरसमज झालाय.”

मधुकररावांनी क्षणभर विचार केला. ते काही भाषणं ठोकणारे गृहस्थ नव्हते. पण उठले, मंचावर गेले आणि माइक हातात घेऊन त्यांनी ते शब्द न् शब्द सांगितलं. वर स्वतःच्या मनानं भर घातली, “आपल्याकडे ट्रॅक्टर मेकॅनिकची परीक्षा पास झालेल्या एक भगिनी बसल्या आहेत. ज्यांना घ्यायचं असेल त्यांनी मदत कक्षात यावं. करार मी स्वतः बसून करून देतो.”

सभागृहातल्या माना वळल्या. जयवंताला कुठं बघावं कळेना. थोडा वेळ कोणीच आलं नाही. मग मागच्या रांगेतून पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ उठले. कोराडी रोडला त्यांचं शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. त्यांचं नाव मनोहरराव.

“कुठल्या तुमी?” त्यांनी खुर्ची ओढत विचारलं.

“रामटेकच्या बाजूच्या.”

“धान रोवणीचं मशीन पाहिलंय?”

“पाह्यलं. चालवलं नाई.”

“त्या भागात बचत गटांच्या बायांनी मशिनी घेतल्या आहेत. माझी पोरं दुरुस्तीला जातात. बाया त्यांना नीट सांगत नाहीत काय झालं ते, अन् पोरं ऐकूनही घेत नाहीत. चार-चार चकरा होतात.” ते थांबले. “काय येत नाही तुमाले?”

असा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. “हायड्रॉलिक अजून पक्कं नाई,” ती म्हणाली. “अन् मोटारसायकल येत नाई.”

मनोहरराव हसले. “मोटारसायकलवर मागं बसता येते ना? हायड्रॉलिक आमी शिकवू. सरकारचा हिस्सा नाही आला तरी पूर्ण विद्यावेतन मी देईन. बसा साहेब, करा करार.”

पोर्टल फिरत राहिलं, मध्येच बंद पडलं. मधुकररावांनी पुन्हा उघडलं. मोबाइलवर आकड्यांचा संदेश आला, रितिकानं तो वाचून सांगितला आणि स्क्रीनवर हिरवी खूण उमटली. जयवंतानं कवडूला फोन लावला आणि तो रितिकाच्या हातात दिला. “बाबा, आईले घेतलं,” ती म्हणाली, आणि पलीकडून कवडूनं बांधीत रोवणाऱ्या सगळ्या बायांना ओरडून ते सांगितलेलं इकडे स्पष्ट ऐकू आलं.

पहिल्याच आठवड्यात कामाची हाक आली. मनोहररावांचा जुना मेकॅनिक पिंटू मोटारसायकल चालवत होता, मागे बॉयलर सूट घातलेली जयवंता हत्यारांची पेटी मांडीवर धरून बसली होती. आभाळ भरून आलेलं, दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेल्या बांध्या. दोन बांध्यांमधल्या एका धुऱ्यावर दहा-बारा बाया उभ्या होत्या आणि मधोमध चिखलात त्यांचं मशीन अडकल्यासारखं थांबलं होतं. मोटारसायकलवरून बाई उतरली म्हटल्यावर त्यांच्यात कुजबुज झाली. अर्धा धान रोवायचा राहिला होता, त्यामुळे आधी त्यांच्या चेहऱ्यावर काळजीच होती.

“काय झालं ते सांगा,” जयवंता म्हणाली आणि सरळ चिखलात उतरली.

मग एकीनं सांगितलं, दुसरीनं तिला दुरुस्त केलं. मशीन चालते, पण एका बाजूची बोटं रोपं उचलत नाहीत. सकाळी मशीनला बांधाचा धक्का लागला होता, तेव्हापासून. जयवंतानं एक झाकण उघडलं. आत सगळं ठीक. तिच्या कपाळाला घाम आला. पिंटू बाजूला उभा होता. त्यानं नुसती नजर खालच्या झाकणाकडे नेली. तिनं ते उघडलं. आत धक्क्यानं तुटलेली पिन होती. “हे पाहा,” तिनं सगळ्या बायांना जवळ बोलावून दाखवलं. नवी पिन बसवली, पिंटूनं एकदा हात लावून तपासली आणि मान डोलावली.

“चावी फिरवा,” ती म्हणाली.

मशीन सुरू झालं. बोटं खाली गेली, रोपं उचलली, चिखलात रोवली, पुन्हा वर आली. मागे हिरव्या रोपांची ओळ सरळ उमटत गेली. चालवणारी बाई हसत होती आणि धुऱ्यावरच्या सगळ्या तिच्या बरोबरीनं चालायला लागल्या. जयवंताही चिखलातून त्यांच्या मागे निघाली.

पिंटूचा फोन वाजला. पलीकडच्या गावातल्या गटाचं मशीन बिघडलं होतं.

“काकू, लगेच जायचं का, की आधी जेवता?” त्यानं विचारलं.

“जेवण पळून नाई जात,” जयवंता म्हणाली आणि बांधीतल्या पाण्यात हात खळखळून धुऊन पेटी उचलली.